शिडीजवळचा कोपरा

मंगळवार, १ ऑक्टोबर
जलतरणगृहाचं ऑफिस

श्री. इल्पो यांस,

ही वर्गाच्या शिक्षिकेची सूचना समजावी. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी बंद असलेला तलाव सप्टेंबरात उघडला आणि पाण्यात पळण्याचा मंगळवारचा वर्ग नेहमीच्या वेळी सुरू झाला. आपलं नाव वर्गात आहे, आपण नाही. न कळवता गैरहजर राहणाऱ्याची जागा नियमाप्रमाणे दुसऱ्याला द्यावी लागते, आणि बाहेर लोक ताटकळत आहेत. तरी आपण येणार की नाही हे कळवावे.

इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. "आपण" काय, "कळवावे" काय! तू माझा थोरला भाऊ आहेस आणि लहानपणी मी तुझ्या डोक्यावर दुधाचं भांडं उपडं केलेलं आहे. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तू का येत नाहीस?

इथल्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्याची कंबर धरली आहे, मला कळवलंय त्याने. खोटं बोलले. तुझी जागा मी कोणाला देणार नाही, पण हे तुला कळावं म्हणून लिहीत नाहीये.

तुझा तो खोल भागातला शिडीजवळचा कोपरा. सगळे कमरेला तरंगायचा जाड पट्टा बांधून गोल फिरतात, पाय तळाला टेकत नाहीत, नुसती डोकी पाण्यावर. आणि तू शिडीपाशी आलास की दांडा धरून एक श्वास घेणार आणि मगच पुढे जाणार. आज प्रत्येकजण तिथे थोडा बाहेरून वळला, जणू तू दांडा धरून उभाच आहेस.

दर वर्षी पहिल्या दिवशी तू पाण्यात उतरून माझ्याकडे न बघता म्हणायचास, "पाणी थंड आहे." मी काठावरून म्हणायचे, "गुडघे वर." एवढंच आपलं वर्षाचं बोलणं. या वर्षी तेही झालं नाही.

पत्र स्वतः येऊन तुझ्या दारातल्या टपालाच्या फटीतून टाकणार आहे. घाबरू नकोस, बेल वाजवणार नाही. न बोलावता कोणाच्या दाराची बेल वाजवण्याइतकी मी अजून बिघडलेले नाही.

तुइरे


मंगळवार, २२ ऑक्टोबर

इल्पो,

पत्र उचललंस. मला माहीत आहे, कारण आज हे टाकण्याआधी मी तुझ्या दारापुढे गुडघे टेकून फटीचं झाकण वर केलं आणि आत डोकावले. पायपुसणं रिकामं होतं. एकसष्ट वर्षांची बाई दुसऱ्याच्या फटीतून डोकावते, ही आपल्या आईला शोभेल अशी गोष्ट नाही. पण जिवात जीव आला म्हणून सांगते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. उचलत जा फक्त.

वर्गानंतर नेहमीप्रमाणे कॉफीला बसलो होतो. एका नव्या माणसाने विचारलं, "तो शिडीजवळचा कोपरा कोणासाठी ठेवता तुम्ही?"

"इल्पोचा आहे तो," राउनी म्हणाली. तिचा आवाज तुला ठाऊक आहे, आयुष्यभर बस चालवली तिने, शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे.

"मग येत का नाही ते?"

"बायको गेली त्याची फेब्रुवारीत. माणसाला शांतता हवी असते."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघून माना हलवल्या. मग वेइयो म्हणाला, "पुरुषांच्या सॉनातही, वाफ घेताना, वरच्या बाकावर आम्ही त्याची जागा मोकळी ठेवतो."

"मग जाऊन सांग ना त्याला तसं," मी म्हणाले.

"मी? छे! त्याला वाटेल आम्हाला त्याची आठवण येते."

हसले सगळे. मीही हसले आणि वेलदोड्याचा पाव अर्धा सोडून उठले.

तुझी रायली होती तेव्हा सोपं होतं. ती आपल्या दोघांची टपालवाली होती. तुझा दात दुखतोय, तुझी बोट गळतेय, तू माझ्या नव्या केसांवर काय शेरा मारलास, सगळं मला बायकांच्या सॉनात मिळायचं. बाबांच्या श्राद्धाच्या कॉफीला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "म्हाताऱ्यांना पाण्यात नाचवायचं आणि स्वतः काठावर कोरडं राहायचं, हे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काम का?" त्यानंतर मी तुझ्या दारात पाऊल ठेवलं नाही. आणि पुढच्याच शरद ऋतूत वर्गाच्या नावांत तुझं नाव. रायलीने शपथ घेऊन सांगितलं की तिने घातलं नाही, तू स्वतः गेला होतास ऑफिसात. तू कधी "चुकलं" म्हणाला नाहीस. दर मंगळवारी येऊन एक शेळी होऊन पाण्यात फिरलास. मला ते कळत होतं, इल्पो. पहिल्याच मंगळवारी कळलं होतं.

आता टपालवाली नाही. म्हणून मी स्वतः गुडघे टेकते.

तुइरे


मंगळवार, १२ नोव्हेंबर

इल्पो,

कालपासून बर्फ टिकून राहतोय. आज वर्गाला सगळे आले, फक्त तू नाही. तलावाच्या मोठ्या काचेबाहेर दुपारीच दिवे लागतात आणि पाण्यात पळणारी डोकी काचेत दुप्पट दिसतात. मी त्यांत तुझी टोपी शोधते. मूर्खपणा आहे.

तुझ्या समोरच्या दारातली एल्सा मला दुकानात भेटली. ती आपणहून कोणाबद्दल बोलत नाही. आधी बटाट्यांवर बोलली, मग हवेवर, आणि मग पिशवीकडे बघत म्हणाली, "तुझा भाऊ घर आवरतोय."

"आवरतोय म्हणजे?"

"स्की दिल्या खालच्या मजल्यावरच्या पोराला. रायलीचा हिवाळी कोट मला दिला. मासे धरायची जाळी, बोट, सगळं. मी म्हटलं, अहो, उन्हाळ्यात लागेल. तर म्हणाले, नाही लागणार." मग घाईघाईने पुढे म्हणाली, "मला त्यात पडायचं नाही हं. माणसाला शांतता हवी असते."

ती गेली आणि मी बटाटे हातात धरून तशीच उभी राहिले.

आता जे आपण कधीच बोललो नाही ते लिहिते. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनीही असंच घर आवरलं होतं. तुला करवत दिली, मला भिंतीवरचं घड्याळ. शेजारी म्हणाले, त्यांना शांतता हवी असेल. तू म्हणालास. मी म्हणाले. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ते गोठलेल्या तळ्यावर गेले ते परत आलेच नाहीत. आपण सगळ्यांना सांगितलं की बर्फ पातळ आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सत्तर वर्षं त्या तळ्यावर चालणारा माणूस, इल्पो. टाचेचा आवाज ऐकून बर्फ किती जाड ते सांगायचा. त्याच्या लक्षात आलं नाही म्हणे.

श्राद्धाच्या कॉफीला तू माझ्यावर का भडकलास तेही मला ठाऊक आहे. मी विचारलं होतं, त्यांच्या दारावर शेवटचं कोण गेलं होतं. कोणीच गेलं नव्हतं. तुला उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून तू शेळ्या काढल्यास.

मी आरोग्य केंद्राला फोन केला. करणारच होते, रागाव. त्यांनी तुला फोन केला आणि मला सांगितलं, "ते म्हणाले सगळं ठीक आहे." तुझं "ठीक" मी ओळखते. हात मोडला होता तेव्हाही तू ठीकच होतास.

मला भीती वाटते. याहून वेगळा शब्द माझ्यापाशी नाही. मी रोज तुझ्या खिडकीखालून जाते आणि दिवा दिसला की घरी जाऊन जेवते, नाही दिसला तर नुसती बसते.

मंगळवारी ये. बोलू नकोस. कोणी बोलणार नाही, त्याची हमी मी देते. आपली माणसं त्यात वाकबगार आहेत.

तुइरे


शनिवार, ७ डिसेंबर

इल्पो,

काल स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी तुझ्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीत रिवाजाप्रमाणे दोन मेणबत्त्या, एल्साच्याही. एक खिडकी काळी. रायली दर वर्षी दुपारपासूनच मेणबत्त्यांच्या बशा मांडून ठेवायची. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून पाहत होते. पाय गारठले तेव्हा घरी आले.

माझ्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती. आत तुझा निळा पट्टा. धुतलेला, वाळवलेला, बंद नीट गुंडाळलेले. आतल्या बाजूला रायलीने लाल दोऱ्याने टाचलेलं तुझं नाव. चिठ्ठी नाही. तू माझ्या दारापर्यंत आलास, मुठीला पिशवी अडकवलीस आणि बेल न वाजवता गेलास.

मी जिन्यातच खाली बसले. ज्याला त्याला ज्याचं त्याचं देऊन झालं आणि माझ्या वाट्याला हा पट्टा आला. बाबांनी मला घड्याळ दिलं तेव्हा मी थँक्यू म्हणाले होते. ते अजून चालतंय भिंतीवर. या वेळी मी थँक्यू म्हणणार नाही.

कोट न घालता तुझ्याकडे आले आणि बेल वाजवली. किती वेळा ते तू मोजत होतास की नाही कोण जाणे, मी नव्हते. बोट दुखेपर्यंत वाजवली. आत फरशी करकरली. म्हणजे तू दारापर्यंत आलास आणि थांबलास. मी फटीचं झाकण वर केलं. माझं मागचं पत्र पायपुसण्यावर तसंच पडलेलं, त्यावर जाहिरातींचे कागद. तू उचलणं सोडून दिलंस.

"इल्पो, उघड," मी म्हणाले. जिन्यात आवाज घुमला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या जिन्यात मोठ्याने बोलले.

तू उघडलं नाहीस. जिन्यातला दिवा आपोआप विझला. मी अंधारात चाचपडत पुन्हा लावला, पुन्हा विझला. मग एल्साच्या दाराआड खुसपुस झाली आणि मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी घरी आले, इल्पो! भाऊ दाराच्या पलीकडे उभा आणि मी लाजून घरी आले. रात्रभर कानात ती फरशी करकरत राहिली.

सकाळी पुन्हा आरोग्य केंद्राला फोन केला, आणि या वेळी नुसत्या फोनवर समाधान मानणार नाही म्हणून सांगितलं. गुरुवारी नर्स घरी येणार आहे. गुरुवार लांब आहे.

हे पत्र तू उचलणार नाहीस. तरी टाकते. वाचलं नाहीस तरी वरून हात लाव एकदा. आणि गुरुवारपर्यंत तळ्याकडे जाऊ नकोस. हात जोडते.

तुझी बहीण


बुधवार, ११ डिसेंबर

इल्पो,

दाराच्या आतून तू काय ऐकलंस ते तुला ठाऊक आहे. बाहेर काय झालं ते मी सांगते.

काल वर्ग संपला. कॉफीला बसलो. मी पट्टा टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. स्की, बोट, कोट, काळी खिडकी, सगळं. बाबांचंही सांगितलं. बर्फ पातळ आहे हे त्यांना ठाऊक होतं, असं पहिल्यांदा मोठ्याने बोलले. मग म्हणाले, "मी त्याची बेल वाजवली."

कोणी कपाकडे बघितलं नाही. वेइयोने चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, "मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय." मग दुसरा म्हणाला, मीही. राउनी तर सारखे डोळे पुसत होती. तीही जाऊन आली होती, वाट वाकडी करून. एकेकटे सगळे तुझ्या जिन्यात येऊन गेले होते, इल्पो, आणि प्रत्येकजण तुझ्या शांततेला धक्का नको म्हणून चवड्यांवर परत फिरला होता.

राउनीने कोट चढवला. "कितवा मजला?" एवढंच विचारलं.

तर असे आम्ही सगळे तुझ्या दाराबाहेर जमलो. ओल्या केसांवर लोकरी टोप्या, हातात पोहण्याच्या पिशव्या, क्लोरीनचा वास. तिथे पोचल्यावर कोणाचा हात बेलकडे जाईना. एकमेकांना बुटांवरचा बर्फ झटकायला सांगत राहिले. मग मीच वाजवली.

एल्साने दार किलकिलं केलं. "आग लागली का?"

"नाही," राउनी म्हणाली, "व्यायाम चाललाय."

एल्साने आमच्याकडे बघितलं आणि आत गेली. मग रायलीचा कोट अंगावर घालून बाहेर आली आणि आमच्यात उभी राहिली.

मी गुडघे टेकले आणि झाकण वर केलं. पत्रांचा ढीग तसाच होता. ढिगापलीकडे तुझे पाय. रायलीने विणलेले राखाडी मोजे, डाव्या अंगठ्याला भोक. तू दारापासून हातभर अंतरावर उभा होतास. मला वाटतं त्या भोकाइतकं सुंदर मी या वर्षात काही पाहिलेलं नाही.

गेला आठवडाभर मनात भाषणं जुळवली होती, एकही आठवेना. तोंडातून निघालं ते वर्गाच्या आवाजात निघालं. "गुडघे वर!"

तुझ्या बाजूने काहीच हललं नाही. पण माझ्या मागे धपधप आवाज झाला. वळून बघितलं तर अख्खा वर्ग जिन्यात गुडघे वर करत होता. सवयीने. वेइयो कठडा धरून, राउनी बर्फाच्या बुटांत, एल्साला काही कळत नव्हतं तरी तीही. दिवा विझला. कोणीतरी लावला. पाय थांबले नाहीत. तो जो आवाज तू ऐकलास ना, भूकंप झाल्यासारखा, तो हा होता.

मग मी पट्टा फटीत घातला. तो फटीपेक्षा जाड. अर्धा आत गेला आणि अडकला. ढकलला तर वाकेना, ओढला तर परत येईना. अर्धा तुझ्याकडे, अर्धा माझ्याकडे. मला रडूच कोसळलं. म्हटलं, एवढं साधं कामही आपल्याला जमत नाही. मी आपली बाजू धरून कपाळ दाराला टेकून बसून राहिले.

आणि पट्टा हलला.

मला वाटलं तू बाहेर ढकलतोयस. मी घट्ट धरला, परत घेणार नाही म्हणून. पण तो आतल्या बाजूला जात होता. तू ओढत होतास. इल्पो, तू ओढत होतास आणि मी वेड्यासारखी धरून बसले होते. लहानपणी वल्ह्यावरून भांडायचो तसे, एक इकडे, एक तिकडे.

राउनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, आणि हळू बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं: "तुइरे, सोड. त्याला हवाय तो."

मी सोडला. पट्टा फटीला घासत आत गेला. मग तुझा आवाज, कित्येक आठवडे कोणाशी न बोललेल्या माणसाचा.

"पाणी अजून थंडच असतं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही. बहीण शिक्षिका आहे, दिवसभर ओरडते, आणि तेव्हा आवाज नाही. बाकीच्यांनीही उत्तर दिलं नाही. तो प्रश्न मला होता हे त्यांना कळलं. राउनी म्हणाली, "चला, चला. त्याला टॉवेल शोधायला वेळ द्या." आणि सगळे जिना उतरायला लागले. वेइयोने जाता जाता तुझ्या दारावर दोन बोटं टेकवली. राउनीचा हात धरून मीही उतरले.

उद्या नर्स येईल. बेल वाजवेल. उघड. तिला "ठीक" सांगू नकोस. जे आहे ते सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल, तिला सांग. संध्याकाळी मी येईन, मीही बेल वाजवेन. परवाही वाजवेन. मंगळवारी तुला न्यायला येईन तेव्हाही वाजवेन. तुला राग आला तर दार उघडून रागाव. मला एकदा वाजवता आली, आता माझा हात थांबणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल राहिलं. त्यासाठीच हे पत्र.

हो. अजून थंडच असतं.

तुइरे